दोन हिरव्या, दोन निळ्या

होरेस पिंकहॅम यांनी चाळीस वर्षे जमिनी मोजल्या आणि बावीस वर्षे मते. न्यू हॅम्पशायरच्या उत्तरेकडील लिचवूड या गावात अशी एकही शेताची हद्द नव्हती, जिच्या कोपऱ्यातील दगडाखाली त्यांनी स्वतःची खूण पुरलेली नाही. भूमापनाची साखळी खुंटीला टांगल्यानंतर गावाने त्यांना मॉडरेटर म्हणून निवडले. मतदानाचे दार उघडणे आणि बंद करणे, मोजणीवर देखरेख करणे व निकाल मोठ्याने वाचून त्याखाली सही करणे, हे मॉडरेटरचे काम. दर दोन वर्षांनी मार्चमध्ये गावसभा त्यांना पुन्हा निवडत आली होती, आणि दर वेळी ते उभे राहून तेच एक वाक्य बोलत, "मी आकडे नीट सांभाळीन."

लिचवूडमध्ये यंत्र नव्हते. मतपत्रिका हाताने मोजल्या जात आणि पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या बांधल्या जात. छापील बाजू आत दुमडायची, कोरी बाजू बाहेर ठेवायची आणि वरून रंगीत दोरी बांधायची, म्हणजे भिंतीपाशी उभ्या राहिलेल्यांना काही वाचता येऊ नये, असा जुना प्रघात होता. यंदा सिनेटर व्हिटकोम यांची दोरी हिरवी होती. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या, दक्षिणेकडच्या गिरणगावातील मुख्याध्यापिका श्रीमती ड्यूबे यांची निळी. मोजणाऱ्यांच्या चार जोड्या गड्ड्या आणून देत, मॉडरेटर रंग पुकारत, आणि गावच्या चिटणीस लॉरेन थिबोडो मान खाली घालून नोंद करीत. एकूण किती झाले हे त्या वहीवाचून कोणालाही ठाऊक नसे.

सिनेटर तीन मुदती पुऱ्या करून चौथीसाठी उभे होते आणि लढत अशी अटीतटीची झाली होती, की बुधवारी सकाळी रेडिओवर त्यांची आघाडी अवघी नऊशे अकरा मतांची सांगितली गेली. लिचवूडने त्यांना दोनशे एकोणचाळीस मते दिली होती, ड्यूबेबाईंना एकशे शहाण्णव. होरेस यांनी स्वतःचे मत सिनेटरला दिले होते, आणि त्याला कारण होते. त्यांचा थोरला भाऊ वेंडेल सैन्यातून फुप्फुसे निकामी होऊन परतला, तेव्हा लष्करी इस्पितळाने कागद हरवले म्हणून त्याला तीन वर्षे दारात उभे केले नव्हते. सिनेटरने एका आठवड्यात खाट मिळवून दिली. वेंडेल स्वच्छ चादरीवर गेला.

त्या बुधवारी न्याहारी आटोपल्यावर होरेस यांनी कोटाच्या खिशातून उरलेल्या दोऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. प्रत्येक निवडणुकीआधी ते फूटपट्टी लावून प्रत्येक रंगाच्या दहा दोऱ्या कापत आणि उरतील त्या पत्र्याच्या डब्यात परत ठेवीत.

"विनी, एवढ्या डब्यात टाक. एक हिरवी, तीन निळ्या."

विनीने दोऱ्या तळहातावर पसरल्या. "दोन हिरव्या, दोन निळ्या."

"एक आणि तीन."

"लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होरेस, आता मला रंग शिकवणार आहेस? दोन आणि दोन."

होरेस हसले, कारण ती चुकली असणार याविषयी त्यांना शंका नव्हती. व्हिटकोम यांच्या नऊ गड्ड्या आणि चौदा सुट्या. ड्यूबे यांच्या सात गड्ड्या आणि एकवीस सुट्या. दहातून नऊ गेले, एक हिरवी उरली. दहातून सात गेले, तीन निळ्या उरल्या. त्यांनी दोऱ्या उचलून खिडकीपाशी नेल्या. दोन तर निळ्याच होत्या. तिसरी निळी वाटत होती. चौथीकडे ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मग तिसरीविषयीही त्यांची खात्री राहिली नाही.

"कापतानाच मोजायला चुकलास की काय?" विनी म्हणाली.

त्यांनी डबा उघडला. आत नेहमीची चिठ्ठी होती: निळ्या दहा, हिरव्या दहा, दोघांनी मोजल्या. खाली त्यांची सही आणि लॉरेनची सही.

होरेस खुर्चीवर बसले. "विनी, दिवा लाव. एकेक दोरी समोर धर आणि मी काय म्हणतो ते ऐक. बरोबर की चूक, मध्ये बोलू नकोस."

तिने दहा वेळा दोरी धरली. मग चारही गोळा केल्या.

"सांग."

"चार चुकल्या." तिने दोऱ्या मुठीत मिटल्या. "डॉक्टरनं मार्चमध्येच सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तूच म्हणालास, निवडणूक होऊन जाऊ दे."

एक निळी गड्डी हिरवी म्हणून पुकारली गेली होती. एकाचे पंचवीस वाढले, दुसरीचे पंचवीस घटले. खरा आकडा सिनेटर दोनशे चौदा, ड्यूबेबाई दोनशे एकवीस. गाव ज्या बाजूला गेले होते, त्याच्या विरुद्ध बाजूला होरेस पिंकहॅम यांनी ते आपल्या सहीने नेऊन ठेवले होते.

पेटीवर मोहोर बसली होती. फेरमोजणी मागितली गेली तरच ती उघडणार, आणि मागण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. हाताने मोजणाऱ्या गावांत फेरमोजणीने दोन-तीन मतांपलीकडे कधी फरक पडत नाही, हा राज्यातला सर्वमान्य समज होता. त्या भरवशावर ड्यूबेबाईंचे सल्लागार त्यांना पराभव मान्य करा म्हणून आग्रह करीत आहेत, असे रेडिओ सांगत होता. होरेस गप्प राहिले, तर पाच वाजून एक मिनिटाने तो आकडा कायमचा खरा ठरणार होता.

गुरुवारी ते गावाच्या कचेरीत गेले. निकालपत्रकावर तीन सह्या होत्या, तेव्हा ही गोष्ट बाकीच्या दोघांनाही एकाच वेळी कळावी म्हणून त्यांनी साक्षीदार कर्टिस बीन यालाही बोलावून घेतले होते. कर्टिसचे चौकात पेट्रोलचे दुकान. होरेस यांच्याच वर्गात शिकलेला, आणि जिल्ह्यात सिनेटरच्या प्रचाराचा सारा भार वाहणारा.

होरेस यांनी टेबलावर चार दोऱ्या आणि चिठ्ठी मांडली व सर्व हकीगत क्रमवार सांगितली.

लॉरेनचा चेहरा लाल झाला. "मॉडरेटरसाहेब, माझी सही आहे त्याच्यावर! तुम्ही हिरवी म्हणालात, मी हिरवी लिहिली. मी तुमच्या तोंडाकडे बघायचं की दोरीकडे?"

"माझ्याच तोंडाकडे. चूक माझी आहे."

"ते बरंय, पण लोक म्हणणार दोघांनी मिळून केलं. पिंकहॅमनं पुकारलं आणि लॉरेननं लिहिलं, असं."

कर्टिसने एक दोरी उचलून बोटाला गुंडाळली. "किती मतांचा घोळ म्हणालास?"

"फरकात पन्नास."

"आणि साहेब पुढे कितीनं? नऊशे अकरानं. पन्नास वजा कर. आठशे एकसष्ट राहतात. मग बोंब कशाला मारायची?"

"आकडा चुकीचा आहे, कर्टिस."

"अरे, चुकीचा असेल तर शनिवारी लिही! शनिवारी लिही, रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांग, मी टाळ्या वाजवतो. पण उद्या पाचच्या आत ते पत्र गेलं, की त्या बाईंची माणसं म्हणणार, एका गावात पन्नास, तर बाकीच्यांत किती? सगळं राज्य पुन्हा मोजायला काढतील."

"काढू देत."

"काढू देत?" कर्टिसचा आवाज उतरला. "वेंडेलला खाट कुणी दिली रे? मी होतो तेव्हा तुझ्याबरोबर. तो हात जोडून रडत होता. विसरलास?"

चार दोऱ्या पुन्हा सरळ रेषेत लावून होरेस उठले. दारात लॉरेनने त्यांना गाठले आणि हळूच विचारले, "लिहिणार?"

"ठरवतो."

"ठरवाल तर तुमच्या हातचं लिहा, सहीचं. राजधानीतली निवडणूक कचेरी फोनवर घेत नाही. आणि गाडी तुम्ही चालवायची नाही. काल चौकात माझ्या पत्रपेटीवरून नेली असती तुम्ही."

शुक्रवारी सकाळी त्यांनी पाच मसुदे लिहिले. पहिल्यात मोतीबिंदूचा उल्लेख होता. ती सबब वाटली म्हणून त्यांनी ती काढली. दुसऱ्यात बावीस वर्षांचा उल्लेख होता. ती बढाई वाटली. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी भिंतीवरच्या वेंडेलच्या छायाचित्राकडे पाहिले आणि लेखणी खाली ठेवली. तासभर ते तसेच बसून होते. सिनेटरने वेंडेलसाठी जे केले ते खरे होते. पण मंगळवारी दिवसभर, एकेक करून, चारशे पस्तीस माणसे त्यांच्या हातात दुमडलेला कागद देऊन गेली होती, आणि त्यांतल्या पंचवीस जणांचा कागद त्यांनी दुसऱ्याच्या पदरात घातला होता. ते पंचवीस कोण, हे कोणालाही कधी कळणार नव्हते. दुकानात, टपालकचेरीत, रस्त्यावर भेटणारा प्रत्येक माणूस त्यांपैकी एक असू शकत होता.

पाचवा मसुदा चार ओळींचा होता. दुपारी अडीचला त्यांनी लॉरेनला फोन केला. "निघू या."

राजधानीपर्यंत पावणेदोन तासांचा रस्ता, आणि वाटेत बर्फमिश्रित पाऊस लागला. लॉरेन दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून पुढे वाकली होती. रेडिओवर निवेदक सांगत होता, की ड्यूबेबाई पाच वाजता भाषण करणार असून पराभव मान्य करणार असल्याचे त्यांच्या जवळच्यांकडून कळते.

"किती वाजले?" होरेस यांनी विचारले.

"घड्याळ समोर आहे की."

"मला आकडे दिसत नाहीत."

लॉरेनने वळून त्यांच्याकडे पाहिले. "तीन पन्नास." थोड्या वेळाने ती पुटपुटली, "आणि तुम्ही माझ्या कचेरीत बसून रंग पुकारत होतात, देवा."

पुढे एक मालमोटार आडवी झाली होती. पंधरा मिनिटे तिथे गेली. होरेस यांनी पाकीट छातीशी धरले होते, आणि मनात कुठेतरी, अगदी खोल, ही मोटार अशीच आडवी राहावी असे त्यांना वाटले. हे वाटल्याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी काच खाली करून पोलिसाला ओरडून विचारले, "एका बाजूनं सोडाल का हो? निवडणुकीचा कागद आहे!"

चार वाजून अडतीस मिनिटांनी त्यांनी निवडणूक कचेरीत पत्र दिले. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचले.

"पिंकहॅमसाहेब, नेमकी कुठली गड्डी, ते तुम्हाला सांगता येईल?"

"नाही."

"चूक होताना तुम्ही पाहिली?"

"पाहिली असती तर केली नसती. मला फक्त दोऱ्यांचा हिशेब ठाऊक आहे."

अधिकाऱ्याने पत्राच्या दोन प्रती काढून दोन्ही उमेदवारांच्या माणसांना दिल्या. सिनेटरचा तरुण वकील वाचता वाचता होरेस यांच्याकडे पाहून म्हणाला, "आजोबा, यासाठी एवढ्या लांब आलात?" चार पंचावन्नला ड्यूबेबाईंनी फेरमोजणी मागितली.

पुढच्या बारा दिवसांत साऱ्या राज्यातल्या पेट्यांवरची मोहोर फुटली. व्हिटकोम अखेर निवडून आलेच, सातशे चार मतांनी. पण लिचवूडची पेटी उघडली तो मंगळवार निकालाच्या बऱ्याच आधीचा होता, आणि त्या दिवशी कोणालाच काही ठाऊक नव्हते. लांब टेबलाच्या एका बाजूला सिनेटरचा वकील, दुसऱ्या बाजूला ड्यूबेबाईंची माणसे, मागे कर्टिस बीन हाताची घडी घालून उभा. गावातून निघताना तो होरेस यांच्याशी शब्दही बोलला नव्हता.

मोजणाऱ्या बाईने गड्ड्या बाहेर काढून दोन ओळींत लावल्या. हिरव्या म्हणून पुकारलेल्या ढिगात नऊ होत्या. तिने नववी उचलली, दोरी सोडली आणि पहिली मतपत्रिका उलटी केली.

"ड्यूबे," ती म्हणाली. दुसरी उलटली. "ड्यूबे." तिसरी. "ड्यूबे."

पंचविसावीपर्यंत तेच नाव आले. मागून कर्टिसचा हुंकार आला. "घ्या. निघाली एकदाची."

बाईने सुटलेली दोरी टेबलावरून होरेस यांच्याकडे सरकवली. "ही तुमची. तुम्हाला वाटलं होतं तसंच झालं."

होरेस यांनी ती उचलून दिव्याखाली धरली. चष्मा पुसला, पुन्हा धरली, अगदी डोळ्यांशी आणली.

त्यांना ती हिरवीच दिसत होती.

"लॉरेन," ते म्हणाले, "रंग सांग."

"निळी."

"लिही," होरेस पिंकहॅम म्हणाले. "आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखव. मार्चमध्ये दुसरा कुणीतरी उभा करा. पण याच्यावरची सही माझीच हवी."

लॉरेनने बोट टेकवले. त्यांनी सही केली आणि ती दोरी घडी घालून, डब्यातल्या इतरांपासून वेगळी राहावी म्हणून, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.