एकशे बारा नंबरचं झाकण

आमच्या घरात देव्हारा नाही. आम्ही बौद्ध. देवच मानत नाही म्हटल्यावर भुताचं काय घेऊन बसायचं, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आणि आजही सांगते. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की मला बोलावणं यायचं. तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि दोन शिव्या घातल्या की जे काही आलेलं असे ते उतरायचं.

तुमच्या सदरातले अनुभव नात मला वाचून दाखवते. त्यात बहुतेक वेळा रात्र असते, वाट चुकलेली असते आणि कुणीतरी पांढऱ्या साडीत उभं असतं. माझ्या बाबतीत सकाळचे आठ वाजले होते, ऊन पडलं होतं, रस्ता रोजचा होता आणि साडी नेसलेली बाई मीच होते. शिक्षण माझं चौथी. लिहिलंय मी, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नातीनं बघितलंय.

साल अठ्ठ्याण्णव असेल, नाहीतर नव्व्याण्णव. उसाचा सीझन चालू होता हे नक्की. आम्ही दौंडला राहायचो, रेल्वे लाइनीपलीकडं. माझा मुलगा मिलिंद कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटदाराची जीप चालवायचा — साहेब लोकांना शिफ्टला आणायचं, पोचवायचं. पुढच्या शनिवारी कंपनी दोन ड्रायव्हर पर्मनंट करणार होती. अट एकच सांगितली होती : लायसन्स स्वच्छ पाहिजे, पोलिसात नाव नको.

शिरूरला माझ्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मिलिंदची सुट्टी होती, मालकानं जीप दिली. पाटस, चौफुला, केडगाव करत आम्ही पारगावला आलो आणि भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरलो. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चालला होता. मिलिंदनं त्याला मागं टाकलं, गाडी परत डावीकडं घेतली, आणि डावीकडच्या उसातून, बांधाच्या वाटेनं, एक दूधवाला एम-एटी मोपेडवर सरळ रस्त्यावर आला.

ब्रेक लागला. तरी मडगार्डचा कोपरा बसलाच, इंडिकेटर फुटला. त्याची गाडी आडवी, माणूस आडवा, आणि दुधाचा कॅन उपडा. डांबरावर दूध पसरत गेलं.

मी आधी उतरले, मिलिंद स्टिअरिंग धरून बसला होता. दूधवाला चाळिशीचा, तपकिरी स्वेटर, डोक्याला चौकड्याचा मफलर, डाव्या भुवईवर जुनी खोक. गुडघ्यावर पँट फाटली होती, थोडं रक्त होतं. मी त्याला दंडाला धरून उठवला. हात गरम होता, अंगाला शेणाचा आणि दुधाचा वास होता. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोकांनी मला विचारलं की हात गार होता का, पाय उलटे होते का. काही उलटं नव्हतं.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशे... पुन्हा तुम्हीच?"

"पुन्हा काय? मी तुला पहिल्यांदाच बघतीय," मी म्हटलं. वाटलं, डोक्याला मार बसलाय. पण तो स्वतःच गाडीचा हँडल सरळ करायला लागला होता.

"दवाखान्यात चल," मिलिंद तोवर खाली आला होता.

"काय झालं न्हाई. जावा तुम्ही. डेअरी बंद व्हईल," असं म्हणून त्यानं किक मारली आणि रिकामा कॅन घेऊन निघून गेला. तेवढ्यात मागचा ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं आणि तोही गेला.

आम्ही निघताना मला रस्त्याकडेच्या चारीत कॅनचं झाकण दिसलं. कड चेपली होती. वर लाल ऑइलपेंटनं ११२ लिहिलं होतं. तिकडं डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येकाला नंबर असतो, तो कॅनवर आणि झाकणावर रंगवतात, म्हणजे अदलाबदल होत नाही. कधीतरी परत करू म्हणून मी ते पायाशी ठेवलं.

शिरूरपर्यंत आम्ही दोघं भांडलो.

"आये, तो सवताच म्हणला ना काय झालं न्हाई म्हणून?"

"तो म्हणला. उद्या गुडघा सुजल्यावर त्याची बायको काय म्हणंल?"

"शनवारी इंटरव्ह्यू हाय. आत्ता चौकीत गेलो तर गाडीचा नंबर लिहितील, माझं नाव लिहितील. मग कसली नोकरी? आन् आपलं आपण कोण जातं का चौकीत? बोलावल्यावर पण लोक जात न्हाईत!"

या बाबतीत मला मत होतं. माझा नवरा रेल्वेत गँगमन होता. पाटसहून सायकलवर येताना त्याला ट्रकनं उडवला. ट्रकवाला थांबला नाही, कुठं सांगितलंही नाही. उसाच्या गाडीवानांना दिसेपर्यंत दोन-तीन तास लोटले होते आणि तो संपला होता. तेव्हापासून मी म्हणायचे, धडक कुणाच्याही हातून होते, पण सांगत नाही तो माणूस नाही.

एवढं मत असून मी त्या दिवशी काय म्हणाले? म्हणाले, "बरं, चल." बहिणीचं ऑपरेशन झालं, आम्ही त्याच रस्त्यानं परत आलो. दूध वाळून रस्त्यावर डाग पडला होता. दोघांनीही बघितला.

तीन दिवस मी गप्प बसले. झाकण मोरीत होतं. भांडी घासताना समोर यायचं. चौथ्या दिवशी ते पिशवीत घातलं आणि एसटीनं त्या गावी गेले. गावाचं नाव लिहीत नाही, त्या माणसाला उगाच त्रास नको. डेअरीच्या सेक्रेटरीला विचारलं, एकशे बारा कोण? म्हणाला, सोपान. घर दाखवलं.

सोपान दारातच म्हशीला वैरण टाकत होता. तोच माणूस. तोच स्वेटर, तीच भुवईवरची खोक.

"गुडघा कसा हाय रं?" मी विचारलं.

"कंचा गुडघा?" तो म्हणाला. "तुम्ही कुठल्या, मावशी? वळख न्हाई पटली."

मी सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. त्याच्या बायकोनं चहा टाकला आणि आतूनच सांगितलं, "आवो, हे त्या दिवशी हितं नव्हतंच. माझ्या भावाच्या हळदीला आम्ही दोघंबी नगरला व्हतो. दूध घालायला माझं सासरं गेलं व्हतं, त्ये बी चालत."

सोपाननं पँट गुडघ्यापर्यंत वर केली. एक ओरखडा नाही. एम-एटी गोठ्याला टेकून उभी होती, हँडल सरळ. मग मी पिशवीतनं झाकण काढलं, तेव्हा त्याचं हसणं थांबलं. तो आत गेला आणि स्वतःचा कॅन घेऊन आला. त्यावर झाकण होतं. ११२. लाल रंग. दोनाच्या शेपटीला रंगाचा ओघळ आलेला — माझ्या हातातल्या झाकणावर तसाच ओघळ, तिथंच. फरक एवढाच, त्याच्या झाकणाची कड चेपलेली नव्हती.

"आकडं माझ्याच हातचं हायेत," तो हळू म्हणाला. "पण मी येकच रंगवलंय."

बायको म्हणाली, "लिंबू उतरून टाका ते." मी म्हटलं, "लिंबू सरबताला ठेव. आणि तू रं, बांधावरनं रस्त्यावर येताना उजवीकडं बघून येत जा. ऊस केवढा वाढलाय, गाडी दिसत न्हाई." झाकण त्यानं घेतलं नाही. हात लावायला तयार नव्हता. मी ते परत पिशवीत टाकलं.

घरी आल्यावर मिलिंद खूश झाला. "बघ! झालंच न्हाई ते. आता कशाचा रिपोर्ट?"

"मडगार्ड कशानं चेपलं मग?"

"आये, ज्याला धडकलो तो म्हणतोय मी नव्हतोच. आता तुला काय पायजे?"

मला काय पाहिजे होतं ते मला नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं, "त्याला झालं असंल न्हाईतर नसंल. आपल्या हातनं झालंय. आपण बघितलंय." मिलिंद चिडला, जेवला नाही. पण सकाळी गाडी काढली.

चौकीतले हवालदार चांगले होते. वही उघडून बसले.

"फिर्यादी कोण?"

"आम्हीच," मी म्हटलं.

"आरोपी?"

"आम्हीच."

"बरं. जखमी कोण?"

"सोपान. पण तो म्हणतो, तो जखमी न्हाई. आन् तो तिथं नव्हता."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मिलिंदकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मावशी, वीस वर्षं झाली नोकरीला. गुन्हा करून न्हाई म्हणणारे लई बघितले. न झालेला गुन्हा केलाय म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. चहा घ्या आन् घरी जावा."

"चहा झालाय. एक ओळ लिहा."

"काय लिहू?"

"जे मी सांगते ते."

मी उठत नाही म्हटल्यावर त्यांनी डायरीत लिहिलं : अमुक नंबरची जीप, चालकाचं नाव, पुलाच्या पुढं, सकाळी आठ, दूधवाल्यास किरकोळ धडक, चालकाने स्वतः हजर होऊन खबर दिली, जखमीची तक्रार नाही. मी चौथीपर्यंत शिकलेय, वाचून घेतलं. मिलिंदनं सही केली. 

शनिवारी इंटरव्ह्यूत त्यानं खरं ते सांगितलं. नोकरी मिळाली नाही. त्या जागेवर सुपरवायझरच्या मेहुण्याला घेतलं. त्यात काही गूढ नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस गेले असतील. मी घासलेटच्या लाइनीतून कॅन घेऊन घरी आले, तर दारात तेच हवालदार बसलेले आणि शेजारी सोपान. तो लंगडत उठला. पँट गुडघ्यावर फाटलेली.

हवालदार म्हणाले, "मावशी, काल सकाळी आठ वाजता तुम्ही कुठं होता?"

"हितंच. आजच्यासारखीच लाइनीत. काल घासलेट संपलं माझ्या नंबरापर्यंत. दहा बाया सांगतील."

"आन् मिलिंद?"

मिलिंद ड्युटीवर होता. जीप कंपनीच्या आवारात उभी होती, गेटच्या रजिस्टरला नोंद होती.

मग सोपान बोलायला लागला. "मावशे, तुम्ही सांगितलं व्हतं म्हणून मी रस्त्याला लागताना थांबलो. उजवीकडं बघितलं. लांब उसाचा ट्रॅक्टर व्हता. बाकी रस्ता मोकळा. जीप न्हवती. मी फुडं गेलो आन् धाडकन्... उठवलं कोणी, तर तुम्ही. हेच लुगडं. मी म्हणलो, मावशे, पुन्हा तुम्हीच?"

मी कॅन खाली ठेवला. "मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणला, पुन्हा काय, मी तुला पहिल्यांदाच बघतीय. मला कायच सुचंना. काय झालं न्हाई म्हणलो आन् पळालो."

त्यानं तक्रार केली नव्हती. केली होती ट्रॅक्टरवाल्यानं. जीपचा नंबर लक्षात ठेवून त्यानं संध्याकाळी चौकीत सांगितलं होतं, दूधवाल्याला उडवून जीप पळाली. हवालदारांनी डायरी काढली तर नंबर तोच, जागा तीच, वेळ तीच, दूधवाला तोच — आणि त्यांच्याच अक्षरात, दोन आठवडे आधी लिहिलेलं.

"साहेबांना दाखवलं," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, तारीख चुकली आसंल तुमची. चालकानं सवता येऊन खबर दिलीय, मग पळाला कसं म्हणायचं? मिटवा. मी मिटवलंय. पण मावशी, माझी तारीख चुकलेली न्हाई. त्याच्या वरती आन् खालती त्याच दिवसाच्या नोंदी हायेत."

ती ओळ नसती तर मिलिंदवर धडक देऊन पळाल्याची केस झाली असती. मडगार्ड चेपलेलं, इंडिकेटर फुटलेला, साक्षीदार हजर. कंत्राटी ड्रायव्हरसाठी गेटचं रजिस्टर कोण उघडून बघतो?

हवालदार गेले. सोपान मात्र दारात घुटमळत राहिला.

"काय रं?"

"मावशे, ते झाकण हाय का? माझं धडकेत कुठं गेलं, घावलं न्हाई. चारीत सगळीकडं बघितलं."

मी मोरीतून आणून दिलं. त्यानं बोटानं चेपलेली कड चाचपली, गाडीवरच्या कॅनवर ठेवून दाबलं. घट्ट बसलं. चहा न घेता तो गेला.

त्यामुळं पुरावा म्हणून आज माझ्याकडं काही नाही. झाकण त्याचं होतं, त्याला दिलं. मिलिंद आता स्वतःची जीप चालवतो आणि हा विषय काढला की उठून जातो. शिकलेल्या दोन-चार लोकांना मी विचारलं. एकानं इंग्रजी शब्द सांगितला, एकानं पूर्वजन्म सांगितला. दोन्ही मला पटले नाहीत. जे झालं ते का झालं, मला माहीत नाही, आणि मी अजूनही भूत मानत नाही.

पहिल्या धडकेनंतर तीन दिवस मी गप्प का बसले, याचं कारण मात्र मला माहीत आहे. मी घाबरले होते. नवऱ्याला उडवणाऱ्या त्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी कुणी बाई बसलेली असेल, तर तीही "बरं, चल" एवढंच म्हणाली असेल.