चंद्राच्या नऊ टोपल्या

डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या वरोरच्या चंद्राचा आवाज असा, की शेजारून जाणारी रिक्षा हॉर्न वाजवायचं विसरते. गेल्या महिन्यात तो आवाज बसायची वेळ आली. तिची मुलगी हेतल भौतिकशास्त्रात डॉक्टर झाली आणि शेजारी बसून मासळी विकणारी रखमी रोज विचारू लागली, "सुई टोचत नाही, गोळी देत नाही, मग कशाची गो डॉक्टर?"

चंद्राला सांगता येईना. आपल्याच पोरीचं काम आपल्याला ठाऊक नाही, हे तिला फार झोंबलं. तिने हेतलला घरात धरून बसवलं. "मला समजेल असं सांग. जेवण मग."

हेतल म्हणाली, "आई, मासा कापला की अंड्यांची गाभोळी दिसते. पण कापायच्या आधीही ती पोटात असतेच ना? काही शास्त्रज्ञ म्हणायचे, अणूतल्या कणांचंही तसंच. मोजल्यावर मिळणारं उत्तर आधीच आत लपलेलं. पण तसं धरलं तर गणित बसत नाही." मग तिने आईला एक कोडं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी चंद्राने रखमीपुढे तीन-तीनच्या तीन ओळींत टोपल्या मांडल्या. "टोपलीत एक बोंबील ठेव, नाहीतर रिकामी सोड. प्रत्येक आडव्या ओळीत बोंबलांची जोडी हवी, किंवा काहीच नको. पहिल्या दोन उभ्या रांगांतही तसंच. शेवटच्या उभ्या रांगेत मात्र एक किंवा तीन. बसव!"

गिऱ्हाइकं खोळंबली, रखमी घामाघूम झाली. अखेर ओरडली, "बसलं!"

चंद्राने आडवं मोजलं. बरोबर. उभं मोजू लागली, तशी रखमीच्या पदराखालून एक बोंबील हळूच कोपऱ्यातल्या टोपलीत उतरला. दाखवायचा एक आणि पिशवीत टाकायचा दुसरा, हा हात तिचा आयुष्यभराचा.

"रखमे! टोपली तीच. आडवं मोजलं की रिकामी, उभं मोजलं की भरलेली?"

"मग काय करू? नाहीतर बसतच नाही मेलं!"

"तेच तर माझी पोर सांगते!" चंद्राचा आवाज पार स्टेशनापर्यंत गेला. "कणांना आडवं विचारा, उभं विचारा, नियम पाळतातच. आणि त्यांना पदर नाही! म्हणजे ठरलेलं उत्तर आत बसलेलंच नसतं. असलंच, तर सोबत आणखी काय विचारलं त्यावर बदलतं."

मूळ शोध जुना, हेतलने त्याच्या पुढचं काम केलं, हेही चंद्राने प्रामाणिकपणे सांगितलं. फक्त तेवढ्यापुरता आवाज जरा खाली आणला.

रखमीने टोपल्या पुन्हा रिकाम्या केल्या. मग बोंबलाचा भाव विचारणाऱ्या रिक्षावाल्या काळूला तिने हाताला धरून खाली बसवलं.

"भाव मागाहून. आधी हे जुळवून दाखव. आमच्या हेतलचं आहे!"