जात्याच्या चालीवर

जुन्नरजवळच्या वृद्धाश्रमात मला ‘बोलायच्या मॅडम’ म्हणतात. लकव्यानं ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करणं, हे माझं काम. भीमाशंकरकडच्या एका आजीकडे ‘बया’ हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी बया, पाठ दुखली तरी बया. समजायचं मात्र सगळं.

एकदा वैतागून मी जात्यावरच्या ओवीची चाल गुणगुणले, तर बाई सुरू! अख्खी ओवी घडाघडा. बोलणं गेलं तरी गाणं राहतं कधीकधी. म्हटलं, चला, आता हिला हवं ते या चालीवर बसवू. “आजी, काय हवंय तुम्हाला?” तिनं खिडकीतून डोंगराकडे बोट केलं. “घरी जायचंय?” तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मग रोज खाटेवर थापट्या मारत आमचं दळण. “घरी न्या रं बाळा, मला घरी न्या.” जीभ अडली की रडायची, मलाच चापट द्यायची. मीही ओरडायचे. पण जमलं तिला.

चतुर्थीला ओझरचं दर्शन उरकून मुलगा आला, सून आली. आजीनं त्याची बाही धरली आणि त्याच्या डोळ्यांत बघून ती ओळ म्हटली. एक अक्षर अडलं नाही.

“आयला, म्हातारी गाती की राव!” त्यानं मोबाइल काढला. “आये, परत म्हण. हिकडं बघ.” तिनं परत म्हटलं. सून खिदळली.

मी म्हटलं, “भाऊ, घरी न्या म्हणतायत त्या.”

“कळतंय की ताई. पण हितं लई खुश हाय ती. घरी कुठं गात व्हती?”

तिच्या हातावर पेढा ठेवून गेले मेले.

त्यानंतर दार वाजलं की ती गायची. दूधवाला असो, डॉक्टर असो, घरी न्या रं बाळा. व्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, बाकीच्या म्हाताऱ्या रडायला लागतात. हिला दुसरं कायतरी शिकवा.”

मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या आणि शिकवलं. “चहा द्या गं बाई, मला चहा द्या.” चाल तीच. पटकन आलं तिला. सगळे खूश.

आता दार वाजलं की आजी चहा मागते. चहा लगेच येतो. त्याच्यावर साय धरते, तरी ती कपाला हात लावत नाही. दाराकडे बघत बसते.