विंटल साहेबांचा खालचा सूर

ऊंऽऽऽ... तोंड मिटून चाळीस माणसं एकदम असा आवाज काढत होती. कुवेतच्या तेलाच्या गावात, अहमदीच्या हॉलमध्ये मी चहाचा ट्रे घेऊन पहिल्यांदा शिरलो, तेव्हा हाच आवाज कानावर आला. एवढी वर्षं झाली, अजून येतो.

एका जागी वीस वर्षं चहा दिला की किस्से साठतात. कपाच्या बुडाशी साखर राहते ना, तसे. कुणी ढवळलं की वर येतात. परवा मशिदीबाहेर मित्रांनी ढवळलं, म्हणून सांगतो.

तर तो आवाज. मला वाटलं, कुणीतरी वारलं! मी ट्रे खाली ठेवला, डोकं झुकवलं आणि मनात दुवा पढू लागलो. स्वयंपाकघरातून हसनमामा आला. तो माझ्याच गावचा, हॉलचा खानसामा.

"कोन गेला रे?" त्याने हळूच विचारलं.

"ठाऊक नाय. पन मोठा मानूस असनार."

मामानेही डोकं झुकवलं. आवाज थांबला. समोर उभे असलेले उंच, सडपातळ गोरे साहेब आमच्याकडे वळले. डोळे भरून आलेले!

"आमचा गळ्याचा व्यायाम," ते म्हणाले, "इतक्या मनापासून आजवर कुणी ऐकला नव्हता!"

हेच विंटल साहेब. विलायतेत कॉलेजात संगीतावर लेक्चर द्यायचे आणि चाळीस-पन्नास माणसांनी मिळून म्हणायची गाणी रचायचे. दोन वर्षांच्या करारावर कुवेतला शिकवायला आले होते. मोडकं हिंदी बोलायचे. माझं हिंदीही तसंच, त्यामुळे आमचं छान जमायचं.

*

हॉलमध्ये थंड हवेचं मशीन होतं. ते सतत गुणगुणायचं. साहेबांना ते सोसेना. त्यांनी मशीनवाल्या इंजिनियरला बोलावलं.

"याचा सूर जरा खाली आणता येईल?"

"साहेब, मी हवा थंड करतो. सूर मला लावता येत नाही."

मग साहेबांनी उलटं केलं. अख्खं गाणं मशीनच्या सुरात बसवलं. मशीन गुणगुणलं की सगळे बरोबर तिथूनच सुरू करायचे. सगळा उन्हाळा सुंदर गेला.

कार्यक्रम होता डिसेंबरात! कडाक्याची थंडी, मशीन बंद. साहेबांनी हात उचलला आणि चाळीस जणांनी चाळीस जागांवरून सुरुवात केली. साहेबांनी हात खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"ममद, मशीन!"

मी चालू केलं. गाणं सुरात लागलं आणि लोकांनी कोटांच्या कॉलरी वर केल्या. दोन तास कुडकुडत ऐकलं बिचाऱ्यांनी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब तणतणत आले. "विंटल, काल ऐकायला आलेले निम्मे लोक आज माझ्या दवाखान्यात खोकतायत!"

विंटल साहेबांनी विचारलं, "एका सुरात?"

*

दर मंगळवारी साहेबांचं लेक्चर असायचं. आधी तीस माणसं यायची, मग दहा, मग चार. एका मंगळवारी धुळीचं वादळ सुटलं आणि कुणीच आलं नाही. साहेब कोट झटकत आले, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि म्हणाले, "ममद, तुम्ही सगळे बसा."

मी बसलो. हसनमामा बसला. फाटकावरचा म्हातारा चौकीदार बू जासिम धुळीपासून आडोशाला आत आला होता, तोही बसला. साहेब दीड तास इंग्रजीत बोलले. एक शब्द गाळला नाही. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हसनमामाने हात वर केला.

"साहेब, खुर्च्या उचलू?"

साहेबांनी वही काढून काहीतरी लिहिलं. मी नंतर ती वही हॉलच्या क्लार्कला दाखवून विचारलं, काय लिहिलंय? तो वाचून म्हणाला, "हजर तीन. प्रश्न एक. गेल्या खेपेला प्रश्न एकही नव्हता. सुधारणा!"

*

आता साहेबांचं दुखणं सांगतो. सात वर्षं खपून त्यांनी समुद्रावर एक मोठी रचना लिहिली होती. विलायतेत कुणी ती गायला घेतली नाही. त्यांनी स्वतःसुद्धा ती कधी ऐकली नव्हती. करार संपायला तीन महिने राहिले होते. परत गेल्यावर गाणारी माणसं मिळणार नव्हती. इथेच ऐकली तर ऐकली.

मला हे समजेना. "साहेब, तुम्हीच लिहिलंत ना? मग ऐकायचं काय राहिलं?"

"तुझ्या बायकोचं पत्र येतं. वाचताना तिचा आवाज ऐकू येतो?"

मी खरं ते सांगितलं. "साहेब, पत्र गावचे मास्तर लिहून देतात. मला मास्तरांचाच आवाज ऐकू येतो."

"बस्स!" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "अगदी तसंच!"

*

अडचण होती जाड आवाजाच्या माणसांची. असे तिघेच होते आणि तिघेही मीना अल-अहमदीला धक्क्यावर कामाला. तेल न्यायला टँकर जहाज लागलं की तिघेही गायब! तालमीच्या दिवशी साहेब टेकडीवर जाऊन समुद्राकडे बघायचे. जहाज दिसलं की चेहरा पडायचा. तेल विकलं जाऊ नये असं मनापासून वाटणारा अख्ख्या अहमदीत तो एकच माणूस!

शिवाय रचनेच्या शेवटी एक सूर इतका खाली होता, की त्या तिघांनाही लागेना. एकाने प्रयत्न केला. मामा आतून पाणी घेऊन धावत आला.

*

आणि मग नवा पियानो आला. लाकडी खोक्यात, हत्तीएवढा. आम्ही आठ जण ओढतोय, हलेना. बू जासिम फाटकावरून बघत होता. तरुणपणी तो समुद्रातून मोती काढणाऱ्या होड्यांवर होता, पुढे खजूर घेऊन आमच्या रत्नागिरीपर्यंत आलेला. तो उठला, खोक्याला दोर बांधला, पाय रोवले आणि ओढता ओढता पोटातून असा आवाज काढला, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. नांगर ओढताना त्यांचे खलाशी असाच सूर धरतात.

साहेब अर्ध्या गालावर साबण, तसेच धावत आले. "कोण? हा सूर कोणाचा?"

बू जासिमने मात्र मान हलवली. "हा सूर गाण्याचा नाही, ओढण्याचा आहे. वजन कुठाय?"

साहेब म्हणाले, "देतो वजन!"

म्हणून पियानो काढून तो रिकामा खोका पडद्यामागे ठेवला. आत खुर्च्या भरल्या, खांबाला जखडला. तालमीत बू जासिम दोर ओढायचा आणि सूर धरायचा. साहेबांचा हात खाली आला की मी त्याच्या खांद्यावर थाप मारायची, तो थांबायचा. ठरलं.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी. त्या दिवशी एकही टँकर नव्हता! पण पडदा सैल लोंबत होता, म्हणून हसनमामाने खांबाचा दोर सोडून पडद्याला बांधला. "घाबरू नको," म्हणाला, "मी बसतो खोक्यावर."

गाणं संपत आलं. एकेक आवाज विझत गेला आणि खाली फक्त बू जासिमचा सूर राहिला. तेवढ्यात मामा कुजबुजला, "ममद, मी सरकतोय रे!"

"गप बस, मामा!"

"अरे, आगबोट सुटली माझी!"

साहेबांचा हात खाली आला. मी थाप मारली. बू जासिम थांबेना. पुन्हा मारली. त्याने डोळ्यांनीच खोका दाखवला. वजन हललं होतं. खलाशी हललेला नांगर अर्ध्यात सोडत नाही.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. सात वर्षांची रचना, आणि शेवट आम्ही घालवला!

साहेबांनी हात पुन्हा उचलला नाही. पडद्याकडे तोंड करून, डोळे मिटून ते नुसते उभे राहिले. सूर चालूच. खोका हातहातभर पुढे येत होता, मामा त्यावर मांडी घालून. शेवटी तो बू जासिमच्या पायाला टेकला, तेव्हाच सूर थांबला.

कुणी टाळी वाजवली नाही. साहेब पडदा सारून आत आले. बू जासिमचा तळवा हातात घेऊन उलटा करून पाहिला. लाल झाला होता.

बू जासिमने विचारलं, "नांगर वर आला?"

त्याची अरबी मी साहेबांना हिंदीत सांगितली. साहेबांनी होकाराची मान डोलावली.

बू जासिमने दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि फाटकाकडे चालू लागला.