करजणच्या उंदरांवर घेतलेला आळ

तुम्ही कधी खोटं छापून वाटलंय का? बोलून नव्हे — छापून?

मी वाटलंय. गेल्या आठवड्यापर्यंत हे कुणालाही सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही — आणि आमचं घर म्हणजे पत्रकांचं घर. बाबा रेल्वेत, युनियनवाले. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. छापलेली ओळ खरी असलीच पाहिजे, हे आमच्याकडे देवापेक्षा वरचं.

बडोद्याजवळ छाणीला जिग्नेशभाई परदेशी अजगरांची पैदास करतात, रीतसर नोंदणी करून. मी तिथे देखभालीला होते. एका मादीने अंडी घातली, आणि नंतर तिच्या विष्ठेत जंत निघाले. डॉक्टरांनी औषध दिलं — वजन करा, वजनाप्रमाणे मात्रा काढा, नळीने पोटात सोडा. सोपं काम. आणि वजन केल्याशिवाय औषध देऊ नका, असं सगळ्यांना ओरडून सांगणारी कोण? मीच.

अंडी घातल्यावर मादीचं वजन कितीतरी उतरतं, हे साप सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं. पण काटा दुसऱ्या खोलीत होता, आणि तिचं आधीचं वजन मला तोंडपाठ होतं. त्याच जुन्या, जास्तीच्या वजनावर मात्रा काढली. हातात घेतली तेव्हा ती हलकी लागली — हो, लागली. मी थांबले का? नळी घातली, औषध सोडलं, हात धुतले.

काही दिवसांत ती मान टाकू लागली. मग गेली.

जिग्नेशभाई तिच्या खोक्याजवळ उकिडवे बसले होते. हे कशानं झालं असेल, असं त्यांनी मला विचारलं.

"उंदीर," मी म्हटलं. "करजणचे उंदीर."

करजणच्या हंसाबेन सापांच्या खाद्यासाठी उंदीर पाळायच्या. बडोद्यातले बहुतेक सापवाले त्यांच्याकडूनच घ्यायचे. उंदरांतून जंत येऊ शकतात, त्यामुळे सगळ्यांना पटलं. पण माझं नुसतं बोलून कुठे भागतं? मी पत्रक काढलं — गुजरातीतून, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. हंसाबेनचं नाव ठळक अक्षरांत. स्वच्छ अन्न हा मुक्या जिवांचा हक्क, वगैरे. चांगलं लिहिलं होतं, हीच तर लाज. सापवाल्यांनी ते भिंतींवर चिकटवलं. हंसाबेनचं गिऱ्हाईक तुटलं, बरेचसे पिंजरे विकावे लागले.

गेल्या आठवड्यात आधी जिग्नेशभाईंना सांगितलं. ते म्हणाले, उद्यापासून माझ्या सापांना हात लावू नकोस. बरोबरच आहे.

तिथून करजण. हंसाबेन ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. पण त्या सांगत राहिल्या — फिनाईलने पिंजरे परत परत कसे धुतले, दाणा कसा बदलला, घाण येते कुठून हे शोधून कशा थकल्या.

"में तो मानी लीधुं, बेटा," त्या म्हणाल्या. "छापेलुं हतुं ने."

छापलेलं होतं, म्हणून मानलं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला.

परतीच्या बसमध्ये मला भूक लागली — कितीतरी दिवसांनी अशी कडकडून. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. एवढं हलकं वाटणं मला शोभतं का? नाही. पण वाटलं, म्हणून तेही लिहिते.

तुमच्या सापघराच्या भिंतीवर माझं ते जुनं पत्रक अजून असेल. ते फाडू नका. त्याच्यावर हा कागद चिकटवा — गुजराती प्रत सोबत आहे — माझं नाव दिसेल असा. आणि हंसाबेननी उरलेले पिंजरे पुन्हा मांडलेत. उंदीर त्यांच्याकडून घ्या.