आधी चाचा घसरायचे

परवा रियाधच्या मॉलमध्ये घसरायच्या बोर्डांचं झगमगीत दुकान दिसलं आणि मला यान्बू शहरातल्या वर्कशॉपमधले चाचा आठवले. दापोलीकडचे सुतार. आम्ही कामगार कॅम्पातले सगळेच त्यांना चाचा म्हणायचो. वाळूच्या टेकड्यांवरून घसरायच्या फळ्या ते बनवायचे आणि त्यांचा सौदी मालक त्या गाडीच्या टपावर बांधून विकत फिरायचा.

शुक्रवारी नवी फळी घेऊन आम्ही टेकडीवर जायचो. लुंगी खोचून चाचा आधी स्वतः घसरायचे आणि तोंडभर वाळू घेऊन उठायचे. मी रागावलो की म्हणायचे, "फळी माझी, तर पयला मीच पडनार ना? गिऱ्हाईक कशाला पडेल?"

पुढे फळ्यांचं नाव झालं आणि थंड देशातून बर्फावरच्या बोर्डांची ऑर्डर आली. मालक खूश, चाचा मात्र अडून बसले. "बर्फ मी बघितला नाय. न घसरता कशी पाठवू?"

मालक हसला, चिडला, शेवटी त्यानं त्यांना तिकडे पाठवलं. त्या वर्षी सुट्टीत चाचा घरी गेलेच नाहीत.

परतले ते प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून. मी विमानतळावर घ्यायला गेलो होतो.

"चाचा, हे काय!"

"फळीची कड चुकली होती. बरा झाला, मला कळला."

गाडीत बसल्यावर ते एकदम हसायला लागले. "पन काय घसरते रे बर्फावर! घरी बोलू नको. कड चुकली ती पयल्याच खेपेला कळली होती. पुढे मी उगाचच घसरत रायलो."