आबांचं धोतर

माझ्यासारख्यानं लिहावं हे धाडसच, क्षमा असावी. परवा वसतिगृहाच्या दोरीवरच्या ओल्या धोतराचा वास आला आणि धुळ्याकडची आमची गावातली शाळा आठवली.

मी पहिला आलो म्हणून गुरुजींनी वडिलांना बोलावलं होतं. ते आलेच नाहीत.

"बाप कुठंय रे तुझा?"

"आबा घर शे. धोतर वाळी ऱ्हायनं. मायनं लुगडं नेसीसन बठेल शे."

आबांचं धोतर एकच; ते वाळेपर्यंत आबा मायचं लुगडं नेसून घरी बसले होते. वर्ग हसला, गुरुजीही हसले. मीही हसलो.

घरी हे कळल्यावर आबा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "खरंच सांगं ना तू." पण शाळेकडे ते पुन्हा कधी फिरकले नाहीत.

माझ्या पदवीदानाला मात्र येणार होते. आज भावाचं कार्ड आलं. आबा गेले. पदवीदानासाठी घेतलेलं कोरं धोतर घडीतच होतं. तेच नेसवून त्यांना नेलं.